ओल्या रंगाचं मधलं दार

अण्णाजींच्या घरातल्या दारांना रंग नव्हता असं कोणी म्हणू नये. रंग होता, पण तो अण्णाजींच्या बोटाचा. तंबाखू मळायची, गोळी गालात सारायची आणि बोटाला उरलेला चुना जाता-येता दाराला पुसायचा, हा त्यांचा मिसरूड फुटल्यापासूनचा नेम. ओसरीतून आत जायच्या मधल्या दारावर, बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला, पांढऱ्या ठिपक्यांचा असा थर बसला होता की अंधारात दार चाचपायला त्याचा उपयोग होई. बाकी दार म्हणजे सागाच्या चार सरळ फळ्या, मागून दोन आडव्या पट्ट्या आणि चुलीच्या धुराने चढलेला काळेपणा. आतल्या खोलीचं दारही त्याचंच भावंड.

वडनेरात कोणाचीच आतली दारं याहून वेगळी नव्हती, म्हणून कोणाला त्यांची लाज वाटत नव्हती. लाज आणली ती धुरपताआत्याने.

धुरपता ही अण्णाजींची थोरली बहीण. घरात लग्न निघालं की तिच्या अंगात बारा हत्तींचं बळ येई आणि तोंडात चोवीस. अण्णाजींच्या मुलाची, वासुदेवाची, सोयरीक पक्की करायला ती पाहुण्यांबरोबर वर्ध्याला जाऊन आली आणि आल्याआल्या पायावर पाणीही न घेता ओसरीत बसली.

"काय सांगू देवके," ती भावजयीला म्हणाली, "दारं हायेत का आरसे! चौकटीत चौकट, चौकटीत चौकट, हात लावाले भेव वाटते. थे पोट्टी आपल्या घरी येऊन ह्या काया फळ्या पाहीन तं काय म्हनीन?"

देवकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अण्णाजींनी शांतपणे दाराला बोट पुसलं.

"दारापायी एक पैसा भेटनार नाई," ते म्हणाले. "मांडव हाय, मोटर हाय, मानपान हाय. दार का नवरीच्या गळ्यात घालाचं हाय?"

"पैसा कोन मागते तुमाले?" तांदूळ निवडता निवडता कोकिळा म्हणाली. "दारं माह्याकडे द्या. लग्नापर्यंत वळखू येनार नाईत."

कोकिळा ही त्यांची थोरली लेक. हिंगणघाटला दिलेली, भावाच्या लग्नासाठी चांगली महिनाभर आधी येऊन राहिलेली. एखादी गोष्ट मनात घेतली की ती तडीस नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे आणि दुसऱ्यालाही ती गोड लागू देत नसे. वासुदेव तिच्यापेक्षा पुष्कळ लहान; तो तिला बाई म्हणे. देवकाबाई शेतात जायच्या तेव्हा त्याला कडेवर घेऊन हिंडायचं काम कोकिळेचं. तिची एक बाजू जराशी कललेली आहे ती त्यामुळेच, असं ती अजून सांगायची आणि वासुदेव अजून लाजायचा.

पण दारांची हौस तिला काही नुसत्या आत्याच्या बोलण्याने आली नव्हती. त्या घरात रीत होती. नवरा-नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून ओसरीत आले की मधल्या दारातून देवापाशी जायचं, आणि ते दार नवऱ्याच्या बहिणीने लावून घ्यायचं. त्याला पाठ लावून आडवं उभं राहायचं आणि भावाला अडवायचं: लेक देशील तर आत जाऊ देईन! भाऊ म्हणायचा, देतो, पहिली लेक तुझ्याच लेकाला. मग सगळ्यांनी हसायचं आणि बहिणीने दार उघडायचं. वासुदेव पाळण्यात होता तेव्हापासून कोकिळा त्या दाराची वाट पाहत होती. एकुलता एक भाऊ, एकदाच अडवायचा. मग ते दार काळं, चुन्याने बरबटलेलं कसं चालेल?

तिने हिंगणघाटला निरोप धाडायला आणि तिथून लाकडी पट्ट्या यायला एकच गाठ पडली. कोकिळेचा नवरा भैय्याजी तिथल्या एका जिनात कामाला होता. कापसातली सरकी काढायचं नवं यंत्र आलं होतं आणि त्याच्या लाकडी खोक्यांच्या फळ्या भट्टीत जायच्या होत्या. भैय्याजीने साहेबाला विचारलं, साहेब म्हणाला ने, आणि भैय्याजी मोटारीच्या टपावर पट्ट्यांचा भारा घालून सासरी हजर झाला.

"जावई खाली हाताने येत नसते," तो देवकाबाईंना म्हणाला. "लोकं फळं आनतात, मी फळ्या आनल्या."

स्वतःच्या विनोदाला आधी स्वतः हसायचं ही त्याची पद्धत. लोक मग त्याच्या हसण्याला हसत.

दुसऱ्या दिवसापासून घरात खरवडायचा आवाज सुरू झाला. कोकिळेने पदर खोचला आणि खुरप्याने चुना काढायला घेतला. अण्णाजींच्या तंबाखूची सगळी हयात पापुद्र्या-पापुद्र्यांनी खाली पडली. मग राख आणि रिठ्याचं पाणी घेऊन दारं अशी घासली की धुराचा काळेपणा उतरून आतला सागाचा पिवळा रंग दिसू लागला. देवकाबाई येऊन बघून गेल्या. "मी लग्न होऊन आली तईबी हे दार असं नोतं," त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

भैय्याजीने पट्ट्या कापून सपाट दारावर चौकोन ठोकले. एकेका दाराला सहा. हातोडी खिळ्यावर कमी आणि अंगठ्यावर जास्त बसली, पण चौकोन उमटले. लांबून पाहिलं तर सुताराने आत फळी बसवून केलेलं दार वाटावं, आणि जवळून पाहिलं तरी भावाच्या लग्नाला आलेला माणूस इतक्या जवळून कशाला पाहील? मग कोकिळेने गेरू पाट्यावर लोण्यासारखा वाटला, जवसाच्या तेलात कालवला आणि जुन्या लुगड्याच्या बोळ्याने पहिला हात दिला. चौकोनांच्या कडांना तेलात खललेलं काजळ. दाराला धरायला काही हवं म्हणून ती गोठ्यात गेली आणि खुंटीवरची जुनी घुंगरमाळ घेऊन आली. ती हिरा नावाच्या बैलाची. हिरा जाऊन दोन पोळे झाले होते आणि माळ तशीच धूळ खात होती. तिने माळ चिंचेने घासली, अर्धी मधल्या दाराला बांधली, अर्धी आतल्या खोलीच्या. ती खोली वासुदेवासाठी रिकामी केली होती.

अण्णाजी शेतातून आले. त्यांनी दार ढकललं आणि घुंगरं वाजली. ते तिथेच थबकले, पुन्हा एकदा दार ढकललं, पुन्हा ओढलं.

"हिऱ्याचा आवाज हाय," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बराच वेळ बाजेवर बसून राहिले. चुन्याचं बोट त्या दिवशी त्यांनी भिंतीला पुसलं.

कोकिळेला वाटलं, झालं, जिंकलं. पण दोन दिवसांत रंग वाळला आणि पट्ट्यांवरची काळी छापील अक्षरं गेरूतून वर आली. यंत्राच्या कंपनीने खोक्यांवर छापलेली ती इंग्रजी अक्षरं, आणि एक बोटभर जाड बाण. बाण जमिनीकडे.

वासुदेव हिंगणघाटच्या शाळेत चार वर्ग इंग्रजी शिकलेला. त्याने मान वाकडी करून वाचलं आणि त्याला हसू आवरेना.

"बाई, इथं लिवलं हाय का हे बाजू वर ठेवा. अन् तू थे खाली केली!"

"हासून राह्यला लेका," कोकिळा म्हणाली. "तुई बायको वाचीन का हे?"

"वाचते ना. थेबी इंग्रजी शिकली हाय."

झालं. कोकिळेने दुसरा हात दिला. अक्षरं गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली, फिकी, पण आली. भैय्याजी म्हणाला, "राहू दे आता, दाराले का पुरन घालतं?" पण ऐकेल ती कोकिळा कसली!

वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. त्यात शोभाबाई आली, कोकिळेची चुलत बहीण, दोन मुलांची आई, दोघांचे हात धरून. नवीन मोरपिशी लुगडं तिने पेटीतून काढून सगळ्यांना दाखवलं. दुपारी बायका सुपाऱ्या कातरत बसल्या असताना धुरपताआत्याने अगदी सहज, पानाला चुना लावावा तसं, सांगून टाकलं.

"दार शोभा अडवीन. तिले लेकरं हायेत, थे मागीन लेक. कोकिळा का मागीन? जिचा पायनाच हालला नाई तिनं कोनासाठी मागाचं? नव्या नवरीपुढे असं बरं नाई दिसत."

देवकाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. थोरल्या नणंदेपुढे बोलायची त्यांना आयुष्यात सवय नव्हती. अण्णाजी ओसरीत होते. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. लग्नघरात भांडण नको म्हणून माणसं जे जे गिळतात त्यात हेही त्यांनी गिळलं.

"बरं," कोकिळा म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि मागच्या अंगणात जाऊन रिकामी बादली विहिरीत सोडली. पाणी कशाला हवं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, हे काय तिला माहीत नव्हतं? ते दुःख तिचं तिने सोसलं होतं. पण भाऊ तर होता! त्या भावाला अडवायला पोटचा मुलगा कशाला लागतो?

भैय्याजी मागे येऊन उभा राहिला. त्याला सगळं कळलं होतं. या खेपेला त्याने विनोद केला नाही. बादली ओढून दिली आणि म्हणाला, "मी बोलू का आत्याबाईले?"

"नोका बोलू. वासुदेवाच्या लग्नात माह्यापायी तोंडातोंडी नको."

वऱ्हाड निघालं. आजवर त्या घरची वऱ्हाडं बंड्यांतून गेली होती. बैल जुंपायचे, रात्री वाटेत कुठे उतरायचं, दुसऱ्या दिवशी दिवस कलता परत यायचं. यंदा पहिल्यांदाच मोटार ठरवली होती. मोटार आली तेव्हा निम्मं गाव ती बघायला आलं. धुरपताआत्या पुढच्या जागेवर बसली, शोभाबाई तिच्या शेजारी. देवकाबाई घरीच राहिल्या, कारण नवऱ्याच्या आईने लग्न पाहायचं नाही अशी त्यांच्यात रीत, आणि त्यांच्या सोबतीला कोकिळा राहिली. तिला कोणी फारसा आग्रह केलाही नाही. वासुदेव तेवढा मोटारीतून मान काढून म्हणाला, "बाई, तू चाल ना!" ती म्हणाली, "जा रे, लवकर येजो."

तो इतका शब्दाला जागेल असं तिला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि तिची नजर दारावर गेली. बाण हसत होता. दार मी नाही अडवणार तर नाही, तिने मनाशी म्हटलं, पण माझ्या दाराला कोणी नाव ठेवायचं नाही. तिने उरलेला सगळा गेरू वाटला, उरलेलं सगळं तेल ओतलं आणि मधल्या दाराला जाडच्या जाड हात द्यायला बसली. वऱ्हाड दिवस कलता येणार, वैशाखाचं ऊन, तोवर खडखडीत वाळेल. हा हिशोब तिचा एकटीचा नव्हता. देवकाबाईंनीही स्वयंपाक त्याच बेताने मांडला होता, आणि गल्लीतल्या बायका ओवाळायला संध्याकाळी येणार होत्या. पैसे मोजले होते मोटारीला, पण हिशोब करताना प्रत्येकाने मनात बैलच जुंपले होते.

सूर्य डोक्यावर यायच्या आत वेशीपाशी भोंगा वाजला.

मग जी पळापळ झाली ती काय सांगावी! देवकाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. कोणी आरती शोधली, कोणी माप. कोकिळा कोपरापर्यंत लाल हात घेऊन मागच्या अंगणात धुवायला पळाली. तेल-गेरूचे हात पाण्याने थोडेच निघतात! राख घेऊन ती चोळत राहिली. इकडे नवरा-नवरीला ओवाळलं, नवरीने माप ओलांडलं, आणि शोभाबाई मोरपिशी लुगड्यात डौलाने पुढे झाली. तिने घुंगरांना धरून मधलं दार ओढून लावलं आणि त्याच्याकडे पाठ केली.

कोकिळा बोळातून धावत आली ती नेमकी तेव्हा.

"शोभे, दाराले लागू नको!" ती ओरडली.

आता सुपाऱ्या कातरतानाचं सगळं शोभाबाईच्या लक्षात होतं. तिला वाटलं, जळली. म्हणून ती गालातल्या गालात हसली, आणि लागू नको म्हटलं होतं म्हणून चांगली रेलून, पाठ टेकून, दोन्ही खांदे दाबून दाराशी उभी राहिली.

"वासुदेवा, लेक देशीन तं—" तिने सुरू केलं, आणि तिला पाठीशी काहीतरी गार लागलं. ती पुढे झाली. लुगडं आलं नाही. ती आणखी पुढे झाली तेव्हा चर्रकन आवाज करत लुगडं सुटलं, आणि शोभाबाईने मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. तिला दिसलं नाही, पण बाकी सगळ्यांना दिसलं. पाठभर सहाच्या सहा चौकोन उमटले होते, काजळाच्या कडांसकट.

"माय वं! माह्यं लुगडं!" असं किंचाळून ती जी विहिरीकडे पळाली ती थांबलीच नाही. तिच्यामागून तिची दोन्ही पोरं, "माय दार झाली, माय दार झाली" म्हणत.

क्षणभर कोणाला हसावं की नाही ते कळेना. मग भैय्याजी हसला, आणि त्याच्या हसण्याने सगळी ओसरी फुटली. नवरीनेसुद्धा मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते.

"पुरे झालं!" धुरपताआत्या म्हणाली. "दुसरं कोनी उभं राहा. नवरा-नवरी कवाची तिष्ठून राह्यली."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग प्रत्येकीने आपापल्या लुगड्याकडे. लग्नाचं ठेवणीतलं लुगडं नेसून ओल्या गेरूला पाठ लावायला कोण तयार होईल? एकेक जण मागे सरकली. दारासमोर मोकळी जागा झाली आणि त्या मोकळ्या जागेच्या कडेला कोकिळा उभी राहिली, रोजच्या जुनेरात, लाल हातांनी.

वासुदेव आयुष्यात कधी आत्यासमोर बोलला नव्हता. आता मुंडावळ्या बाजूला सारून तो बोलला.

"मले कडेवर घेऊन ह्याच दारातून हिंडवलं बाईनं. बाईनं अडवलं तं मी आत जाईन. नाई तं मी इथंच ओसरीत संसार मांडतो."

"अरे पन थे मागीन का?" आत्या म्हणाली.

"थे तिचं थे पाहीन," असं या वेळी अण्णाजी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण तो ऐकून देवकाबाईंच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. "जा कोकिळे. उभी राह्य."

कोकिळा गेली. दाराशी उभी राहिली. पाठीला ओला रंग लागला आणि तिला बरं वाटलं. समोर भाऊ होता, त्याच्याशी गाठ मारलेली एक अनोळखी पोरगी होती, आणि सगळं घर तिच्या तोंडाकडे पाहत होतं. आनंदाने माणसाची जीभ जड होते हे तिला त्या दिवशी कळलं. काय मागावं? मनात जे होतं ते चारचौघांत बोलता येण्यासारखं नव्हतं. तितक्यात तिची नजर अण्णाजींकडे गेली. गडबडीत त्यांनी सवयीने तंबाखू मळली होती, आणि चुन्याचं बोट पुढे करून ते दाराकडेच सरकत होते.

"बाबा!" ती ओरडली. "थेच मागतो! माह्या दाराले चुना पुसाचा नाई. कधीच नाई. हे कबूल करत असान तं नवरा-नवरी आत जातीन, नाई तं नाई!"

ओसरीचं छप्पर उडतं की काय असा हशा झाला. अण्णाजींचं बोट हवेत राहिलं. ते बोटाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "कबूल. बाप्पा, कबूल!" आणि धोतराला पुसलं. कोकिळेने घुंगरं धरून दार उघडलं आणि नवरा-नवरी अंग चोरून, कुठेही न लागता, देवापाशी गेली.

शोभाबाईच्या लुगड्याचे मोरपिशी धागे त्या रंगात चिकटून राहिले ते कायमचे. कोकिळेने मुद्दाम रंग ओला ठेवला असं धुरपताआत्या शेवटपर्यंत म्हणत असे. कोकिळा देवाशपथ नाही म्हणे. भैय्याजीला दोघींचंही खरं वाटे.

नवरीचं नाव कमला. चार दिवसांनी कोकिळा हिंगणघाटला निघाली तेव्हा दोघी मधल्या दाराशी होत्या. कमला वाळलेल्या रंगावरून हात फिरवत होती.

"वन्सबाई, हे खोक्याच्या पट्ट्या हायेत ना?"

कोकिळा पट्टीवर हात ठेवून म्हणाली, "तुह्या घरच्यासारखी दारं आमच्या इथं कुठून येतीन, बाई?"

कमलाने इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आमच्या इथं थे एकच दार हाय, बैठकीचं. आतल्या खोल्याइले गोनपाट लटकवलं हाय. तुमच्या आत्याबाईले बाबांनी आत जाऊच नाई देलं."

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काय उगाच? दोघी इतक्या हसल्या की देवकाबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. त्या गेल्यावर कमला गंभीर झाली.

"तुमी मामाजीले मागलं. मले तं काईच नाई मागलं."

"रीत झाली, बाई. पुरे."

"नाई. माह्यं देनं राह्यलं हाय," कमला म्हणाली. "मी ध्यानात ठेवतो."

बोलणं तिथेच राहिलं. जाता जाता कोकिळेला जाणवलं की आतल्या खोलीचं दार उघडलं तरी घुंगरं वाजत नाहीत. तिने हात लावून पाहिलं. एकेका घुंगरात कापसाचा बोळा बसवलेला होता. नव्या नवरीने खोलीत पाऊल टाकलं की सगळ्या घराला वर्दी, हे दार सजवताना तिच्या काही डोक्यात आलं नव्हतं! कापसाच्या मुलखात कापसाला काय तोटा. कोकिळा मोटारीत बसेपर्यंत एकटीच हसत होती.

पुढच्या वर्षी कमला बाळंतपणाला वर्ध्याला गेली. मुलगी झाली. दिवाळीच्या तोंडावर ती तीन महिन्यांची लेक घेऊन सासरी यायची होती आणि कोकिळा फराळाला मदत करायला म्हणून आली होती. बाळाला पाहायला आली असं ती म्हणाली नाही. अशा वेळी आपण कुठे उभं राहायचं ते तिला शिकवायला लागत नव्हतं. बंडी दाराशी आली तेव्हा ती स्वयंपाकघरात कढईपाशी बसली होती आणि करंज्या तळून झाल्या होत्या तरी कढई सोडत नव्हती.

बाहेर धुरपताआत्याने भाकरतुकडा ओवाळून टाकला. कमला ओसरीत आली. मधल्या दारापर्यंत आली आणि बाळाला घेऊन दारात आडवी उभी राहिली.

"चाल वं आत," आत्या म्हणाली.

"नाई जात. मी दार अडवलं हाय," कमला म्हणाली. "माह्या लेकीले वन्सबाई आत नेतीन. त्याइले बोलवा."

"अवं पन पहिलं लेकरू! तिच्या हातात—"

"तिच्याच हातात," कमला म्हणाली. "लग्नाच्या दिवशीचं देनं हाय माह्यं. तोपर्यंत कोनीच इकडून तिकडे जानार नाई. मामाजी, तुमीबी नाई."

अण्णाजी दाराच्या आत अडकले होते आणि वासुदेव बाहेर. वासुदेव हसत होता. अण्णाजींनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि शेतात बैल हाकावा इतक्या मोठ्याने हाक मारली, "कोकिळे! ये वं! तुले बोलवून राह्यली!"

कोकिळा मागच्या बोळाने ओसरीत आली. हाताला बेसन होतं, तूप होतं. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. कमलाने बाळ तिच्या कडेवर दिलं, त्याच कललेल्या बाजूला. ती पोर वजनाने एवढीशी, पण कोकिळेला पाय उचलवेना. मग तिने उचलला. उंबरा ओलांडला. बाळाने झोपेतून डोळे उघडले, समोर चकाकणारी घुंगरं पाहिली आणि मूठ घालून धरली. सोडीचना. हिऱ्याची घुंगरं खणाखणा वाजू लागली, आणि कोकिळा हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. धुरपताआत्याने कोपऱ्यातून डोळ्यांना पदर लावला, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून पाहिलं.

"आतल्या दाराचीबी वाजव माय," कमला लेकीला म्हणाली, आणि पुढे जाऊन त्या घुंगरांतला कापूस एकेक बोळा करून काढू लागली.

अण्णाजींचे डोळे भरून आले होते. त्यांनी तंबाखू काढली, मळली, गोळी गालात सारली, आणि भरल्या डोळ्यांनी नातीकडे पाहता पाहता चुन्याचं बोट आपसूक दाराकडे गेलं.

"बाबा!" कोकिळा म्हणाली.

अण्णाजींनी बोट धोतराला पुसलं.